डावीकडे टाकणारी बंदूक

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मावशींशी पहिली दोन वर्षं मी धड बोललेसुद्धा नव्हते, आणि त्याला कारणही तसंच होतं. माझा गणिताचा तास ज्या वर्गात असायचा, त्याच्या भिंतीपलीकडे शाळेचा मागचा लांबलचक बोळ होता. आठवड्यातून तीन दिवस, शेवटच्या तासाला, त्या बोळातून आवाज यायचा. फट्! मग शांतता. मग पुन्हा फट्! मी फळ्यावर समीकरण मांडावं, पोरांनी कशाबशा माना वर कराव्यात, आणि नेमका तेव्हाच तो आवाज. झालं, चाळीस डोकी भिंतीकडे. एक दिवस मी तरातरा मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हटलं, "एकतर ती बंदूक बंद करा, नाहीतर मला दुसरा वर्ग द्या." त्यांनी मला दुसरा वर्ग दिला.

तेव्हा मावशींबद्दल माझं मत काय होतं, ते वेगळं सांगायला नको. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटकुळ्या, बोटांवर कसल्या कसल्या रसायनांचे पिवळे डाग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, वजनकाटे पुसून पेटीत ठेवायचे, हे त्यांचं काम. घाई म्हणून कशाची नाही. कोणी धावत आलं, कोणी रडत आलं, कोणी बोट भाजून आलं, तरी पहिला शब्द एकच : "दम धर." पोरांनी त्यांचं नावच दमधर मावशी ठेवलं होतं. एका पालकांनी तर "श्रीमती दमधर यांस" असं पत्र लिहिलं होतं, आणि त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

त्या बोळात काय शिकवतात, कुठून शिकल्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांचं फुगे फोडण्याचं दुकान होतं, फिरत्या मेळ्यात. एका फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, समोर लाकडी कठडा, कठड्यावर तीन हवाई बंदुका. मेळा एका गावातून दुसऱ्या गावात जायचा आणि हे कुटुंब त्याच्याबरोबर. मावशी सहाव्या वर्षी फुगे फुगवायला बसल्या आणि दहाव्या वर्षी बंदुका उघडून पुन्हा जोडायला लागल्या. बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक छोटासा लोखंडी खुंट उभा असतो, ज्याच्यावर डोळा लावून नेम धरतात. त्याला माशी म्हणतात. वडील पकड घेऊन ती माशी केसभर वाकवून ठेवायचे. त्यामुळे एक बंदूक डावीकडे टाकायची, एक वर, एक खाली.

"म्हणजे फसवणूकच की!" मी म्हटलं होतं.

"फसवणूकच, दुसरं काय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण जो बघेल त्याला कळायचं ना बाई. पहिला छर्रा कुठं गेला ते नीट बघायचं, आणि पुढच्या वेळी तेवढं बाजूला धरायचं. इतकं सोपं होतं. पण शंभरात एखादा बघायचा. बाकीचे नुसते मारत सुटायचे."

मेळा बंद पडला, वडील गेले, आणि मावशींना आमच्या शाळेत नोकरी लागली. तीनपैकी एक बंदूक, डावीकडे टाकणारी, त्या बरोबर घेऊन आल्या. आधीच्या मुख्याध्यापकांनी मागचा बोळ त्यांना दिला. बोळाच्या टोकाला लोखंडी पत्रा, त्याच्या पुढे चिंध्या ठासून भरलेलं लाकडी खोकं, खोक्यावर दहा वर्तुळांचा कागद. अलीकडे पांढरी रेघ. बंदूक खाली ठेवल्याशिवाय रेघेच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. बंदूक रोज रसायनांच्या कपाटात कुलूपबंद. आणि एक नियम खास फुग्याच्या दुकानातला : नमुन्याचा छर्रा नाही. म्हणजे सुरुवातीला एखाददुसरा सोडून बघू, मग मोजू, असं चालायचं नाही. "गिऱ्हाइकाचा पहिला छर्राही मोजला जायचा," त्या म्हणायच्या. बंदूक डावीकडे टाकते म्हणून पोरं मधल्या ठिपक्यावर नेम धरायचीच नाहीत. ती उजवीकडे, मधून मोजलं तर आठव्या वर्तुळावर धरायची, आणि छर्रा मधोमध बसायचा.

माझा राग उतरला तो एका मुलीमुळे. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तेरा वर्षांची, एका जागी पाच मिनिटं बसली तर मी तिला खाऊ दिला असता. डोकं असं तल्लख की विचारता सोय नाही, आणि वही बघावी तर कपाळाला हात लावावा. सहाचे नऊ व्हायचे, उणे चिन्ह वाटेत कुठंतरी गळून पडायचं, प्रश्न क्रमांक तीनचं उत्तर चारच्या खाली. रीत बरोबर, उत्तर चूक. अशा चुकांची मी एक वेगळी वही ठेवते. समजलं नाही म्हणून झालेली चूक त्यात लिहीत नाही, फक्त बघितलं नाही म्हणून झालेली. भिंगरीच्या नावावर पहिल्या चाचणीत तेवीस होत्या. शाळेचा विक्रम! तिच्या आईला बोलावलं तर ती माउली म्हणाली, "घरीही असंच हो. दूध आणायला पाठवली तर पिशवी विसरून येते, पिशवी आणायला पाठवली तर दूध." मी काय बोलणार?

मग सहामाही आली. भिंगरीचा पेपर तपासला आणि मी चष्मा पुसला. नऊ. तेवीसवरून नऊ! माझ्या मनात पहिली शंका काय आली असेल? हिनं कोणाचं तरी बघून लिहिलं. लाज वाटते आता, पण आली खरी. मी तिला मधल्या सुट्टीत एकटीला बसवलं, दहा गणितं दिली आणि समोर खुर्ची टाकून बसले. ती गणित सोडवायची, उत्तर लिहायची, पेन खाली ठेवायची, एक श्वास सोडायची आणि लिहिलेल्या ओळीकडे नुसती बघत राहायची. मग पुढचं. एका ठिकाणी तिनं पेन पुन्हा उचललं आणि गळलेलं उणे चिन्ह परत आणून बसवलं.

"हे कुठं शिकलीस गं?" मी विचारलं.

"बोळात," ती म्हणाली. "मारून झाल्यावर बंदूक लगेच खाली घ्यायची नाही ना, बाई. गेलेला छर्रा बघायचा. मावशी म्हणतात, आधीचा बघितल्याशिवाय पुढचा भरायचा नाही."

अहो, गेली अठरा वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगत होते! "पुन्हा तपासा, पुन्हा तपासा." एकाही पोरानं ऐकलं नाही. आणि या बाईनं एका फट् आवाजात ते शिकवलं. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी खूश झाले की त्याच दुपारी पहिल्यांदा बोळात गेले.

त्यानंतर माझ्यातली गणितवाली शांत बसेना. बोळात जाणारी चौदा पोरं होती. त्यांच्या चुका मोजल्या आणि वर्गातल्या इतरांच्याही मोजल्या. इतरांच्याही थोड्या कमी झाल्या होत्या. पोरं वाढतात, शहाणी होतात, त्यात बंदुकीचं काही नाही. पण बोळातल्या चौदांच्या जवळजवळ निम्म्या झाल्या होत्या. सगळ्यांच्या नाही. दोघं जिथल्या तिथं, आणि एक महाशय तर आणखी बिघडले. मावशींना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तो फक्त आवाजासाठी येतो." तेव्हा याला शास्त्र म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण वर्गात पाठ चालू असताना खिडकीबाहेर कुत्री भांडली तर कोणाची मान वळते आणि कोणाची नाही, हे मला दिसत होतं ना. मीही चार-पाच वेळा बंदूक हातात घेतली. माझा पहिला छर्रा खोक्याच्या चौकटीत रुतला आणि मावशी म्हणाल्या, "बाई, दम धरा. कोणी पाठलाग करत नाहीये." पोरं पोट धरून हसली.

आणि मग संकट आलं, शिट्टीसरांच्या रूपानं. हे आमचे खेळाचे सर. माणूस वाईट नाही, पण गळ्यातली शिट्टी आणि डोक्यातला हट्ट दोन्ही कायम. त्यांना बोळात टेबल टेनिसची दोन टेबलं मांडायची होती. "चौदा पोरांसाठी अख्खा बोळ अडवून ठेवायचा? आणि शिकवणार कोण, तर फुगेवाली?" असं ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं म्हणाले. मावशी तेव्हा दारातच उभ्या होत्या, हजेरीचा कागद घेऊन. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि गेल्या. मी मागोमाग प्रयोगशाळेत गेले. त्या एकच चंचुपात्र तिसऱ्यांदा धूत होत्या.

"मला फुगेवाली म्हटल्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मी आहेच. पण बाई, या शाळेत वीस वर्षं मी दुसऱ्यांनी घाण केलेल्या बाटल्या धुतेय. त्या बोळात तेवढं मी काहीतरी शिकवते. तो गेला तर मी नुसती बाटल्या धुणारीच राहीन." मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं, आणि मला भयंकर वाईट वाटलं.

मोठ्या बाईंनी न्याय दिला तो त्यांच्या पद्धतीनं, आकड्यात. सोमवारी सकाळी बोळात तीन पोरं, प्रत्येकी दहा छर्रे. मधलं वर्तुळ दहा गुणांचं, बाहेर जाल तसे गुण कमी. एकूण तीनशेपैकी एकशे ऐंशी झाले तर बोळ मावशींचा, नाहीतर टेबलांचा. शिट्टीसरांनी एक अट घातली : पहिला छर्रा सुटल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत नेमबाजांशी कोणी एक अक्षर बोलायचं नाही, खूणही करायची नाही. केली तर डाव बाद. "या बाई कानात सांगणार, डावीकडे धर, उजवीकडे धर. मग पोरांचं लक्ष कसलं?" मावशी म्हणाल्या, "कबूल." आम्ही मनातून हसत होतो. आमची तिघं मिळून सरावात सहज दोनशे दहाच्या पुढे जात. एकशे ऐंशी म्हणजे डाव्या हातचा मळ!

आता माझा पराक्रम ऐका. शनिवारी मावशी डोळे तपासायला गेल्या होत्या आणि किल्ल्या माझ्याकडे होत्या. नेमका त्याच दिवशी शाळेचे वजनकाटे आणि सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करणारा कारागीर आला. हात मोठा सफाईदार. त्याला काम करताना बघून माझ्या डोक्यात कल्पना चमकली. पोरं वाकड्या बंदुकीनं दोनशे दहा काढतात, तर सरळ बंदुकीनं किती काढतील! मी कपाट उघडलं, बंदूक काढली आणि म्हटलं, "एवढी माशी तेवढी सरळ करून द्या." त्यानं दहा मिनिटांत दिली. म्हणाला, "आता ही जिथं बघेल तिथंच टाकेल." मी आनंदानं नाचायची बाकी होते. कोणाला सांगितलं नाही. सोमवारी जिंकल्यावर सांगायचं, मावशींच्या तोंडावरचा आनंद बघायचा, असा माझा बेत होता.

सोमवारी बोळ गच्च भरला. भिंतीला टेकून शिक्षक, त्यांच्या पुढ्यात बोळातली उरलेली अकरा पोरं मांडी घालून, बाजूच्या बाकावर तिन्ही नेमबाज, मधोमध खुर्चीवर मोठ्या बाई. शिट्टीसर प्रयोगशाळेतली छोटी दुर्बीण तिपाईवर लावून बसले. प्रत्येक छर्रा दुर्बिणीतून बघायचा आणि नेमबाजाच्या पाठीमागच्या फळ्यावर गुण लिहायचे, म्हणजे आम्हाला दिसणार आणि मारणाऱ्याला नाही.

पहिली आली शिडी. उंचीमुळे हे नाव. आमची सगळ्यात भरवशाची. तिनं श्वास सोडला, खांदा बसवला. फट्! सरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि फळ्यावर तीन लिहिले. मला वाटलं, असेल, पहिलाच आहे. फट्! तीन. फट्! चार. फट्! तीन. अकरा पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शिडीही गेलेला छर्रा बघत होती, पण आपलाच हात हलतोय असं समजून ती आणखी घट्ट त्याच जागी धरत असावी. दहा छर्रे झाले, दोरी ओढून कागद अलीकडे आणला. दहाच्या दहा छर्रे एका रुपयाएवढ्या जागेत, एकमेकांना चिकटून, इतके सुंदर की चौकटीत लावावेत. आणि ती जागा पार उजवीकडे. एकूण गुण एकतीस.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. बंदूक डावीकडे टाकायची आणि पोरं उजवीकडे धरायची. दोन चुका एकमेकींना खोडून काढत होत्या. मी जाऊन त्यातली एकच काढली! सातवीच्या पोरांना मी हे शिकवते, उण्याला उण्यानं गुणलं की अधिक, आणि मला स्वतःला एवढंसं सुचू नये? मावशींनी कागद बघितला. मग टेबलावर ठेवलेली बंदूक बघितली. लांबूनच, पण त्यांची नजर नळीच्या टोकावर थांबली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तोंड उघडलं आणि शिट्टीसरांनी बोट वर केलं. मावशींनी तोंड मिटलं. मी तर ओठ दातांखाली घट्ट धरून बसले होते. नाहीतर माझ्या तोंडून निघालंच असतं.

दुसरा गोगलगाय. हळू चालतो, हळू बोलतो, जेवायलाही त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यानं शिडीचा कागद बघितला होता आणि बिचारा गोंधळला. काही छर्रे त्यानं जुन्या सवयीनं उजवीकडे धरले, काही घाबरून पार डावीकडे नेले, काही मध्ये. फळ्यावर आठ आले, तीन आले, नऊ आले, पाच आले. बेरीज सहासष्ट. दोघांचे मिळून सत्त्याण्णव.

मी मनात वजाबाकी केली आणि पुन्हा केली. त्र्याऐंशी हवे होते. भिंगरीचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा अठ्ठ्याहत्तर. शिट्टीसरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात त्र्याऐंशी लिहून त्याखाली रेघ मारली, आणि मला त्यांचा खडू हिसकावून घ्यावासा वाटला.

भिंगरी उठली. पण बंदुकीकडे गेली नाही. ती गेली टेबलाकडे, जिथं शिडीचा कागद ठेवला होता. "हात लावू का?" तिनं मोठ्या बाईंना विचारलं. कागद बघायला मनाई नव्हती, त्यामुळे मोठ्या बाईंनी पंच म्हणून मान हलवली. आणि पोरीनं खिशातून काय काढलं असेल? कंपासपेटीतली पट्टी! मधल्या ठिपक्यापासून छर्र्यांच्या गुच्छापर्यंत अंतर मोजलं. मग मधल्या ठिपक्यापासून आठव्या वर्तुळापर्यंत मोजलं, जिथं ही सगळी रोज नेम धरायची. कागदाकडे बघत ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. दोन्ही अंतरं जवळजवळ सारखीच होती, एवढं मला लांबूनही कळलं. म्हणजे जिथं धरलं तिथंच छर्रा गेला होता. तिनं वळून बंदुकीच्या टोकाकडे बघितलं. मी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला.

कळणं सोपं होतं, हो. कठीण पुढे होतं. आठ महिने तो हात उजवीकडे जायला शिकला होता. भिंगरीनं बंदूक खांद्याला लावली. गाल टेकवला. नळी थोडी उजवीकडे सरकली, आपोआप. तिनं बंदूक खाली घेतली. पुन्हा लावली. पुन्हा नळी उजवीकडे. पुन्हा खाली. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. दहा छर्र्यांना मिळून वेळ पंधरा मिनिटं, आणि तिनं अजून एकही सोडला नव्हता. सात वेळा वर, सात वेळा खाली. जी पोरगी माझ्या तासाला बाकावर टिकत नव्हती, ती तिथं उभी होती आणि तिच्या अंगातला फक्त श्वास तेवढा हलत होता. आम्ही चाळीस मोठी माणसं मात्र चुळबुळत होतो.

आठव्या वेळी, फट्! सहा. फट्! आठ. फट्! नऊ. अकरा पोरांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. पुन्हा नऊ! मग आठ. मग सात, आणि माझा जीव टांगणीला लागला. नऊ! प्रत्येक छर्र्यानंतर ती बंदूक तशीच धरून उभी राहायची, गेलेल्या छर्र्याकडे बघत. आठव्याला शिट्टीसरांनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फळ्यावर दहा लिहिले. त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबत होती. नवव्याला नऊ. पंचाहत्तर झाले होते. शेवटच्या छर्र्याला आठ हवे होते.

तिनं नळी बिजागरीतून खाली दुमडून छर्रा भरला, बंदूक लावली, गाल टेकवला, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. आमची घंटा बोळाच्या बरोबर वर आहे. ठणाणा! मी अक्षरशः उडाले. मोठ्या बाईंच्या हातातली वही पडली. वरच्या मजल्यावरून सहाशे पोरं जिन्यावर सुटली, छत धडाडलं, कोणीतरी कोणाला तरी ढकललं, कोणीतरी किंचाळलं. मी भिंगरीकडे बघितलं. तिची पापणीसुद्धा हलली नव्हती. घंटा वाजतच होती, आणि त्या गदारोळात तो छोटासा आवाज झाला. फट्.

शिट्टीसर दुर्बिणीतून बघत राहिले. इतका वेळ की मोठ्या बाई म्हणाल्या, "सर?" त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं : दहा. मग स्वतःच बेरीज केली. पंच्याऐंशी. एकूण एकशे ब्याऐंशी.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला धड आठवत नाही. शिडी रडत होती, गोगलगाय उड्या मारत होता, मी कोणाला तरी मिठी मारली आणि ते शिट्टीसर निघाले. भिंगरी मात्र बंदूक खाली ठेवून विचारत होती, "एवढा आवाज कसला? सुट्टी झाली का?"

गर्दी ओसरल्यावर मी मावशींपुढे उभी राहिले आणि सगळं कबूल केलं. शनिवार, कारागीर, माशी. त्यांनी ऐकून घेतलं. बंदूक उचलून त्या टोकावरून बोट फिरवत राहिल्या. "ही माझ्या वडिलांनी वाकवली होती," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातची होती ती." बस, एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मी पुन्हा वाकवून आणते, मावशी. आज आणते."

मग त्यांनी खोक्यावर नवा कागद लावायला सांगितला. रेघेवर उभ्या राहिल्या. आम्ही कोणीही त्यांना स्वतःसाठी मारताना कधी बघितलं नव्हतं. त्या नेहमी शिकवायच्या. काय तो खांदा, काय तो श्वास! फट्, फट्, फट्, पाच छर्रे. शिट्टीसरांनी स्वतः दोरी ओढून कागद आणला. पाचही छर्र्यांचं मिळून एकच भोक झालं होतं. उजवीकडे, आठव्या वर्तुळावर.

मावशींनी पुन्हा बंदूक लावली, खाली घेतली, पुन्हा लावली, आणि पाच छर्रे मारले. पुन्हा तिथंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा हात होता तो. आठ महिन्यांचा नव्हता.

त्यांनी कागद हातात घेऊन नीट बघितला. मग भिंगरीला हाक मारली, बंदूक तिच्या हातात दिली आणि स्वतः पोरांच्या बाकावर जाऊन बसल्या, शिडी आणि गोगलगायीच्या मध्ये.

"मला काही जमत नाही बघ," त्या म्हणाल्या. "तू कसं केलंस ते दाखव. आणि जरा हळू दाखव."